कोसा रेशमाचा खरा रंग फोटोत दाखवायला शिकवणाऱ्या भाऊंना

आदरणीय भाऊ,

सप्रेम नमस्कार.

समोर बसून आभार मानू लागलं की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. दुसरंही कारण आहे. आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यात, आंधळगावच्या बाजूला, अजून कितीतरी घरांत माग चालतो. त्या घरांतल्या लेकीसुना मोबाइलवर साड्यांचे फोटो काढून विकायला धडपडतात. तुम्ही हातचं राखून न ठेवता मला जे शिकवलंत, ते त्यांच्याही कामी यावं असं वाटतं.

कोशाचा, म्हणजे आमच्या कोसा रेशमाचा, रंग फोटोत पकडणं फार अवघड. ऐनाच्या आणि अर्जुनाच्या पानांवर वाढलेल्या किड्याचा हा धागा. रंगवला नाही तरी तो तांबूस-सोनेरी असतो आणि एकाच लडीत दोन छटा निघतात. घरात बल्बखाली फोटो काढला की साडी केशरी दिसते, अंगणात सावलीला काढला की तीच साडी राखाडी. पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक फोटो पाहून साडी मागवतं, हातात पडली की ‘रंग वेगळाच निघाला’ म्हणून परत पाठवतं. कुरिअरचा जाण्यायेण्याचा खर्च विणणाऱ्याच्या अंगावर पडतो. हे गाऱ्हाणं घेऊन मी तुमच्या तुमसरच्या स्टुडिओत आले तेव्हा ऐन लग्नसराई होती, तरी तुम्ही मला वेळ दिलात.

तुम्ही कॅमेरा हातात घेतलाच नाही. खिशातला पांढरा रुमाल काढून टेबलावर असा पसरलात की अर्धा ट्यूबलाइटकडे आणि अर्धा दाराकडे. म्हणालात, “पाहा बरं ताई, पांढरा कोणता?” एकच रुमाल, पण दाराकडची बाजू निळसर आणि आतली हिरवट-पिवळी. रोज पाहत असूनही ते कधी जाणवलं नव्हतं. आपला डोळा चटकन जुळवून घेतो, कॅमेरा घेत नाही. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा लहान तितका उजेड पिवळा, मोठा तितका निळसर: बल्बचा उजेड २७०० ते ३००० केल्विन, भरदुपारचं ऊन ५५०० च्या आसपास, आणि निरभ्र आभाळाखालच्या सावलीचा ७००० च्याही वर. दोन उजेड एकाच फोटोत आले की कोणतंही सॉफ्टवेअर ते नीट सोडवू शकत नाही. म्हणून तुमचा पहिला नियम: फोटो काढायच्या खोलीतले सगळे दिवे बंद, एकच उजेड ठेवायचा.

मग तुम्ही कॅमेऱ्याचा स्वभाव सांगितलात. व्हाइट बॅलन्स म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून केलेली रंगांची जुळवणी, आणि ऑटो व्हाइट बॅलन्स म्हणजे त्याबद्दलचा कॅमेऱ्याचा अंदाज. चौकटभर सोनेरी कापड आलं की त्याला वाटतं उजेडच पिवळा आहे, आणि तो पिवळेपणा मारायला तो निळा मिसळतो. कापडाच्या जितकं जवळ जावं तितकी साडी मळकट का दिसते, याचं उत्तर मला तिथे मिळालं. उजेड मोजण्याचंही तसंच. समोरचं सगळं मध्यम राखाडी असावं असं धरून कॅमेरा चालतो. म्हणून पांढरं धोतर मळकं येतं आणि काळं लुगडं फिकट. पांढऱ्याला एक्स्पोजर (कॅमेऱ्यात घेतला जाणारा उजेड) वाढवायचं, काळ्याला कमी करायचं. हे उलटं वाटतं, पण एकदा कारण कळलं की विसरायला होत नाही.

उपाय म्हणून तुम्ही तुमच्या ग्रे कार्डातला एक तुकडा कापून दिलात. १८ टक्के राखाडी, पोस्टकार्डाएवढा. साडीजवळ तो ठेवून पहिला फोटो काढायचा, मग तुकडा उचलून, उजेड न बदलता बाकीचे. कॉम्प्युटरवर एडिटिंगमधला रंग टिपणारा ड्रॉपर त्या राखाडीवर टेकवला की रंग जागेवर येतात, आणि तीच सेटिंग त्या बैठकीच्या सगळ्या फोटोंना लागू करता येते. ज्यांच्याकडे फक्त मोबाइल आहे त्यांनी प्रो मोडमध्ये जाऊन व्हाइट बॅलन्स एका आकड्यावर बांधून ठेवावा. फोटोगणिक बदलणाऱ्या रंगापेक्षा एकसारखा थोडा चुकलेला रंगही पुढे सुधारायला सोपा जातो.

खिडकीचं तुम्ही सांगितलेलं आमच्या घरी तंतोतंत लागू पडलं. उत्तरेकडची खिडकी, कारण तिथे वर्षातला बहुतेक काळ थेट ऊन येत नाही. साडी खिडकीच्या बाजूला, समोर नाही. आडवा उजेड आला की एकेक धागा उठून दिसतो, करवतकाठीचे दात मोजता येतात. मोबाइलचा फ्लॅश समोरून मारला की तेच कापड सपाट, छापील वाटतं. सावलीची बाजू फार काळी पडली तर पलीकडून पांढरा थर्मोकोल उभा करायचा. लग्नाच्या मंडपातून उरलेले तुकडे त्याला चालतात, पैसे घालवायची गरज नाही. मे महिन्यातल्या आमच्याकडच्या दुपारच्या उन्हात काही काढू नये. पावसाळ्यात आभाळ भरून आलं की मात्र अंगणातसुद्धा मऊ, एकसारखा उजेड मिळतो.

काठ सरळ येण्यासाठी तुम्ही मला मागे सरकवलंत. मोबाइलच्या रुंद लेन्सने जवळून काढलं की काठ कमानीसारखा वाकतो. दोन पावलं मागे जायचं, दोन पट झूमची लेन्स घ्यायची, आणि कॅमेरा कापडाला समांतर धरायचा. कॅमेऱ्यावर पूर्ण पदर स्पष्ट हवा तर एफ ८ (लेन्सच्या छिद्राचं माप), आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ते) १०० किंवा २००, तिपाई आणि दोन सेकंदांचा टायमर. एवढ्यावर नव्वद टक्के फोटो होतात.

एक गोष्ट तुमच्याकडे आले नसते तर मला कधीच उमगली नसती. बारीक विणीच्या कापडावर फोटोत कधीकधी पाण्याच्या लाटांसारखे रंगीत पट्टे उमटतात. गिऱ्हाईकाला वाटतं कापडात दोष आहे. तुम्ही सांगितलंत की त्याला मोआरे म्हणतात: धाग्यांची चौकट आणि सेन्सरवरच्या, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या चिपवरच्या, ठिपक्यांची चौकट एकमेकींवर चढल्या की तो दिसतो. अंतर थोडं बदललं किंवा कॅमेरा किंचित तिरका केला की जातो. आधी फोटो शंभर टक्के मोठा करून पाहायचं. तिथे पट्टे नसतील तर ते फक्त स्क्रीनचं काम, फोटो चांगला आहे.

त्याच दिवशी तुम्ही सांगितलेलं घरी येऊन मी सासऱ्यांना ऐकवलं. १८६१ साली मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने लंडनमध्ये रंगीत छायाचित्र दाखवलं, तेव्हा समोर ठेवलेली वस्तू होती चौकड्यांची एक विणलेली फीत. लाल, हिरव्या आणि निळ्या द्रावणांतून तिचे वेगवेगळे फोटो काढून ते पडद्यावर एकत्र केले होते. आजच्या कॅमेऱ्यातही तेच तीन रंग असतात. कोडॅक या कॅमेरा-फिल्मच्या कंपनीतल्या ब्राइस बायर यांना १९७६ मध्ये ज्या रचनेचं पेटंट मिळालं, तिच्यात सेन्सरवरचे निम्मे ठिपके हिरवे, पाव लाल आणि पाव निळे. आयुष्यभर मागावर बसलेल्या माणसाला हे किती आवडलं म्हणून सांगू! रंगीत फोटोची गोष्ट कापडापासून सुरू होते हे ते आता येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात.

एडिटिंगबद्दल तुमचं मत ठाम होतं आणि आता माझंही तेच आहे: हातातल्या साडीशी जुळेपर्यंतच हात लावायचा, त्यापुढे नाही. शक्य असेल तर रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची माहिती, काढावी. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. म्हणूनच रॉमधला व्हाइट बॅलन्स नंतर बदलला तरी रंग फाटत नाही. आधी फोटो सरळ करायचा, मग व्हाइट बॅलन्स, मग हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) पाहून उजेड-अंधार. सॅच्युरेशनला, म्हणजे रंगाच्या भडकपणाला, शक्यतो हात लावायचा नाही. ते वाढवलं की सोनेरीतली तांबूस छटा बुडते आणि कोसा पॉलिस्टरसारखा चकाकतो. फोटो लहान केल्यावर सगळ्यात शेवटी हलकंसं शार्पनिंग, म्हणजे कडा ठसठशीत करणं. वेबवर टाकायचा फोटो एसआरजीबी या वेबच्या नेहमीच्या रंगपद्धतीत सेव्ह करायचा, मूळ फाइल तशीच जपायची. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा, नाहीतर तो दाबला जातो. स्नॅपसीड मोबाइलवर, डार्कटेबल आणि गिम्प कॉम्प्युटरवर फुकट मिळतात आणि या कामाला पुरतात.

नॉइज, म्हणजे फोटोतला दाणेदारपणा, काढायच्या स्लायडरवर तुम्ही माझा हात थांबवलात तो क्षण मी विसरणार नाही. तो थोडा ओढला की धाग्यातल्या बारीक गाठी पुसल्या जातात. “ताई, या गाठी काहून मिटवता? यावरूनच तर लोक हातमाग वळखतात.” आता मी प्रत्येक साडीचा एक फोटो मुद्दाम गाठ दिसेल असा, जवळून, आडव्या उजेडात काढते. त्या एका फोटोवरच गिऱ्हाईक जास्त वेळ थांबतं, विचारतं, आणि मग घेतं. रंगामुळे साडी परत येणं जवळजवळ थांबलं आहे. घासाघीसही कमी झाली आहे.

फोटो तपासताना मोबाइलचं नाईट लाइट आणि भडक रंगांचा मोड बंद ठेवायचा, ब्राइटनेस मध्यावर, आणि साडी खिडकीत धरून स्क्रीनशी ताडून पाहायची, हेही बचत गटातल्या बायकांना मी सांगते. तुम्ही फी घेतली नाहीत, म्हणून मीही कोणाकडून घेत नाही. वहिनींनी दुपारी उपाशी जाऊ दिलं नाही, त्यांचेही मनापासून आभार.

आता जरीच्या काठावरच्या चकाकीचं. तुमचा पोलरायझर, तो चकाकी कापणारा फिल्टर, लावून पाहिला. कापडावरची चकाकी कमी झाली, जरीची झाली नाही. धातूवरून परतलेला उजेड त्या फिल्टरने कापला जात नाही. मग खिडकीवर पांढरं धोतर ताणून बांधलं. उजेडाचा पसारा वाढला आणि जरीवरचे टोचणारे पांढरे ठिपके बरेच निवले, पण पदराच्या मधोमध अजून एक पट्टा जळतो आहे. दोन्ही प्रकारच्या रॉ फाइली पेनड्राइव्हवर पाठवते आहे. पाहून सांगा, धोतर आणखी जवळ घेऊ की साडीचा कोन बदलू. आणि लग्नसराई उरकली की वहिनींना घेऊन घरी या. त्यांच्यासाठी मागावर करवतकाठी साडी लावायची आहे, काठाचा रंग त्यांनीच येऊन सांगावा.

तुमची,
मोहाडी तालुक्यातल्या मागावरची बहीण