फक्त तुलाच कळेल असं

प्रिय मंजू,

इतके दिवस पत्र नाही म्हणून रागावली असशील, रागाव हवं तेवढं, पण आधी हे वाच, कारण घरात सांगायला गेले तर सगळे ताटावरून उठतील. तब्येत ठीक, गुडघा आहे तसाच.

तर नववीच्या पेपरात उतारा होता, त्यात 'द रूम वॉज कोल्ड बिकॉज द विंडो वॉज ब्रोकन'. दुसरा 'वॉज' अधोरेखित, प्रकार ओळखा. एका पोरीने लिहिलं लिंकिंग व्हर्ब, म्हणजे नुसतं जोडणारं क्रियापद, 'ब्रोकन' विशेषण, आणि खाली पेन्सिलीने बारीक अक्षरात, 'खिडकी कशी होती ते सांगितलंय, तिला काय झालं ते नाही.' मंजू, नववीतली पोर गं! आणि त्यावर लाल फुली, कारण उत्तरसूचीत पॅसिव्ह, म्हणजे कर्मणी, आहे. मोठ्या बाई म्हणतात, 'बी'चं रूप आणि पुढे व्ही थ्री, क्रियापदाचं तिसरं रूप, दिसला की पॅसिव्ह, विषय संपला.

असा कसा संपला? 'वॉज' काढून 'लुक्ड' घाल, 'रिमेन्ड' घाल, वाक्य उभं राहतंच ना? 'द विंडो वॉज ब्रोकन बाय द बॉईज ड्युरिंग द मॅच' असतं तर मीच फुली मारली असती, तिथे 'लुक्ड' घालून बघ, टिकतच नाही. त्यांचं म्हणणं 'बाय' नसलं तरी पॅसिव्ह असतं, आणि ते खरंच आहे, 'माय बाईक वॉज स्टोलन लास्ट नाइट'मध्ये कुठाय 'बाय', पण चोरी घडलीय ना. म्हणून मी 'बाय'वर अडून बसत नाही, आधी 'व्हेरी' लागलं तरच विशेषण, या कसोटीवरही नाही, 'व्हेरी टायर्ड' चालतं, 'व्हेरी ब्रोकन' कोण म्हणतं. घटना आहे की अवस्था ते मागचंपुढचं वाचूनच ठरवायचं. 'द शॉप वॉज क्लोज्ड ॲट नाइन' नुसतंच दिलं तर दोन्ही उत्तरं बरोबर धरावी लागतील, नऊला बंद केलं किंवा नऊला बघितलं तर आधीच बंद होतं. पण इथे 'बिकॉज' ढळढळीत समोर बसलाय, खोली थंड का तर खिडकी तशी होती म्हणून!

'ही इज गॉन'वरून आपण हॉस्टेलच्या जिन्यात भांडलो ते आठवतं ना, मध्ये पडून सुमीने दोघींच्या शिव्या खाल्ल्या. मी आजही तेच म्हणते, 'गो' अकर्मक, कर्मच नाही तर पॅसिव्ह येणार कुठून. 'दिसतंय तर तसंच' म्हणाली होतीस तू, परवा मोठ्या बाई अगदी त्याच सुरात बोलल्या, मला तूच दिसायला लागलीस.

गुण एकच गेलाय, पण पोर येऊन विचारते, "बाई, पुढच्या वेळी तुम्ही शिकवलेलं लिहू की सूचीतलं?" त्या दिवसापासून माझं कशात लक्ष नाही. असं विचारणाऱ्या पोरीला 'सूचीतलं लिही' कसं सांगू?

मोठ्या बाई तुझं ऐकतात, तुम्ही एकत्र शिकवलंय. चार ओळी लिहून दे, 'गॉन'चं सोडून.

नवीन घर लागलं का, लेकीचं ॲडमिशन झालं का, सासूबाईंना नमस्कार सांग. शनिवारी मीटिंग आहे, त्याआधी फोन कर.

तुझी,
शमा