बाबांच्या प्रश्नाचं उत्तर

प्रिय आई-बाबा,

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "स्टील सिटी म्हणतात ना तुझ्या गावाला, मग भट्ट्या चालू आहेत का अजून?" आणि तेवढ्यात माझी मीटिंग लागली, "नंतर सांगते" म्हणून मी फोन ठेवला. तेव्हापासून तो प्रश्न डोक्यातून गेला नाहीये. पिट्सबर्गला येऊन दोन वर्षं झाली आणि थंडी किती पडलीय, मेथी कुठे मिळते ह्यापलीकडे ह्या गावाबद्दल मी तुम्हाला काही सांगितलंच नाही. आज रविवार आहे, निवांत बसून लिहिते.

आधी उत्तर देते. शहराच्या हद्दीत आता पोलादाची एकही मोठी मिल उरलेली नाही. पण नदीच्या वरच्या अंगाला ब्रॅडॉक म्हणून छोटं गाव आहे, तिथला अँड्र्यू कार्नेगीने १८७५ साली सुरू केलेला कारखाना अजून चालतो. बाकीच्या बहुतेक मिल १९८०च्या आसपास एकामागोमाग एक बंद पडत गेल्या. मी जिथे सामान आणायला जाते ना, होमस्टेडला, ते शॉपिंग सेंटर अशाच एका मिलच्या जागेवर आहे. १८९२ला तिथे मोठा संप झाला होता, कंपनीने बंदूकधारी माणसं नदीतून आणली आणि दोन्हीकडची माणसं मेली. मिल बंद झाली १९८६ला. आता तिथे थिएटर आहे, हॉटेलं आहेत आणि मध्येच विटांच्या बारा उंच चिमण्या एका रांगेत तशाच उभ्या ठेवल्यात, मला दर वेळी गाडी थोडी हळू करावीशी वाटते.

जुन्या काळी इथे एवढा धूर असायचा की भर दुपारी रस्त्यावरचे दिवे लावायला लागायचे आणि ऑफिसातली माणसं दुपारी बदलायला दुसरा पांढरा शर्ट घेऊन यायची. १८६८ साली जेम्स पार्टन नावाच्या लेखकाने टेकडीवरून हे सगळं बघून ह्याला झाकण काढलेला नरक म्हटलं आणि ते नाव कितीतरी वर्षं चिकटलं. स्मोकी सिटी पण म्हणायचे. पुढे १९४१ला धुरावर कायदा केला आणि हळूहळू आभाळ मोकळं झालं. आता खिडकीतून दिसतं ते स्वच्छ आहे बाबा, काळजी नको.

दुसरं नाव सिटी ऑफ ब्रिजेस. शहरात ४४६ पूल आहेत असं सांगतात आणि राहायला लागल्यावर ते पटतं, कारण दूध आणायला निघालं तरी एखादा पूल लागतोच. अलेगेनी आणि मोनोंगाहेला ह्या दोन नद्या इथे मिळतात आणि पुढे ओहायो नावाने जातात. त्या टोकाला इथले लोक नुसतं 'पॉइंट' म्हणतात. मी पहिल्यांदा तिथे उभी राहिले तेव्हा मला आपल्या सांगलीजवळचं हरिपूर आठवलं, कृष्णा आणि वारणा मिळतात ती जागा, आणि खरं सांगते, रडू आलं. एका नदीचं पाणी गढूळ, दुसरीचं जरा निवळ, बराच वेळ वेगळं वेगळं दिसत राहतं. आणि बाबा, पावसाळ्यात तुम्ही जसे आयर्विन पुलाच्या पाण्याचे फूट मोजत बसता तसे इथलेही म्हातारे लोक फुटांत बोलतात. मार्च १९३६ला बर्फ वितळलं, वर पाऊस झाला आणि पॉइंटला पाणी ४६ फुटांवर गेलं. मी शेजारच्या आजींना सांगितलं की आमच्याकडे २०१९ला ५७ फुटांच्या वर गेलं होतं, तर त्यांनी माझा हातच धरला आणि पहिलं विचारलं, "तुझे आईवडील कुठे होते तेव्हा?" बरेचसे पूल पिवळेधमक रंगवलेत, आई, अगदी मार्केट यार्डातल्या हळदीसारखे.

आई, तुला आवडेल अशी एक गोष्ट. पोलिओची पहिली यशस्वी लस ह्याच गावातल्या युनिव्हर्सिटीत जोनास साल्कने तयार केली, १९५५ला ती सुरक्षित आहे असं जाहीर झालं. तू पोलिओ रविवारी बूथवर बसून द्यायचीस ती थेंबांची लस सेबिनची, नंतरची. पण सुरुवात इथली, इंजेक्शनची. त्या बिल्डिंगवरून बस जाते तेव्हा मला तुझ्या हातातली ती निळी थंड पेटी आठवते.

इथली माणसं गावाला नुसतं 'बर्ग' म्हणतात. 'तुम्ही सगळे' ह्याला त्यांचा स्वतःचा शब्द आहे, यिन्झ. बाहेरचे त्यावरून त्यांना चिडवतात, आपल्या 'काय करालाय' वरून मला पुण्यात चिडवायचे तसंच, पण ही माणसं तो शब्द शर्टावर छापून घालतात. मला ते फार आवडलं. १९५०ला इथे पावणेसात लाख लोक होते, आता तीन लाखांच्या आसपास. मिल बंद झाल्यावर पोरं कामासाठी कुठे कुठे गेली, आईवडील टेकडीवरच्या घरांत राहिले. शेजारच्या आजींची पण दोन्ही मुलं लांब आहेत. त्या मला रविवारी सूप आणून देतात, मी पोहे देते. हे लिहिताना मला तुम्ही दोघं दिसताय, ते मी लपवत नाही.

आता मुख्य मुद्दा. सप्टेंबरमध्ये तुम्ही येताय तेव्हा न्यू जर्सीला काकांकडे दोनच दिवस राहायचं, बाकी इथे. गुडघ्यांची काळजी करू नकोस आई, टेकडीवर चढायला रुळावरून ओढून नेणारे डबे आहेत, एक १८७०चा आणि एक १८७७चा, दोन्ही अजून चालतात, आणि पेन हिल्सला व्यंकटेश्वराचं देऊळ आहे, तिरुपतीच्या धर्तीवर बांधलेलं, तिथे चिंचेचा भात मिळतो.

बाबांना मात्र मी कॅरी फर्नेसला नेणार आहे. होमस्टेडच्या समोर, नदीपलीकडे, ९२ फूट उंच दोन ब्लास्ट फर्नेस, म्हणजे लोखंडाच्या भट्ट्या, गंजलेल्या उभ्या आहेत, त्या जपून ठेवल्यात आणि तिकीट काढून आतून बघता येतात. मी मागच्या महिन्यात गेले होते. फिरवणारे आजोबा तरुणपणी मिलमध्ये कामाला होते. लोखंड कसं सोडायचे, वाळूच्या पाटांतून ते कसं पळायचं, हे सांगताना ते हात अगदी तुमच्यासारखे हलवत होते. एकतीस वर्षं तुम्ही कुपवाडहून घरी यायचात ते शर्टाला ठिणग्यांची बारीक भोकं पडलेली असायची आणि मी लहानपणी त्यातून बोट घालायचे, तुम्ही काय काम करता हे मी कधी नीट विचारलंच नाही. तिथे उभं राहून पहिल्यांदा कळलं. आजोबांना म्हटलं, माझे वडील फाउंड्रीत होते. ते म्हणाले, घेऊन ये त्यांना.

त्यांनी भट्टीत बघायची निळी काच दाखवली, लाकडी चौकटीतली. आपल्या माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत तुमची आहे ना, ती बॅगेत कपड्यांमध्ये गुंडाळून आणा. आणि चपला नकोत, तिथे बंद बूट लागतात.

तुमची,
छोटी