तंजावरहून परतल्यावर

चेन्नई,
सोमवार, रात्र

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार. वि. वि.

काल रात्री फोनवर नुसतंच 'पोचले' म्हटलं आणि ठेवला. आज निवांत लिहिते आहे. यातलं काही फोनवर मला बोलता आलं नसतं.

शुक्रवारी रात्री उळवन एक्सप्रेसने तंजावरला निघाले. उळवन म्हणजे शेतकरी. पहाटे जाग आली तेव्हा खिडकीबाहेर दोन्ही बाजूंना भाताची खाचरं आणि मध्ये मध्ये कावेरीचे पाट दिसत होते. स्टेशनवर मैत्रीण घ्यायला आली होती. ती माझ्याशी ऑफिसात इंग्रजीत बोलते, पण घरचा फोन आला की एकदम मराठीत शिरते. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी 1670 च्या दशकात तिथे राज्य मिळवलं, त्या सुमारास आणि पुढे जी घरं दक्षिणेत गेली, त्यांतलंच हे एक. साडेतीनशे वर्षं होत आली. लिहिणं-वाचणं सगळं तमिळमध्ये, पण चुलीपाशी अजून मराठीच आहे. सूर तमिळ, शब्द आपले. पहिला अर्धा तास मी नुसती ऐकत बसले.

दुपारी पानात काय वाढलं असेल? डांगर! ते लोक 'डांगर पच्चडी' म्हणतात. उडदाचं भाजलेलं पीठ, दही, वर फोडणी. आई, तुझ्या हातचीच चव होती गं. वाईपासून इतक्या लांब, ज्या घरात मी आयुष्यात कधी पाऊल टाकलं नव्हतं तिथे, पहिल्या घासाला माझा घसा दाटून आला.

बाबा, बृहदीश्वराचं देऊळ तुम्ही पाहायलाच हवं. राजराज चोळाने 1010 साली पुरं केलं. शिखर दोनशे फुटांच्या वर, सगळं ग्रॅनाइटचं. पण मी सर्वांत जास्त वेळ उभी राहिले ती आवाराच्या भिंतीपाशी. तिथे तंजावरचे मराठे राजे दुसरे सरफोजी यांनी 1803 साली भोसले घराण्याचा सगळा इतिहास मराठीत कोरून घेतला आहे, देवनागरीत. ओळींवर ओळी, भिंत संपत नाही. तमिळ शिलालेखांनी भरलेल्या देवळात आपली अक्षरं! मला सलग काही वाचता येईना, इथे एक शब्द लागे, तिथे एक. दुपारच्या उन्हात दगड तापलेला, पाय भाजत होते, तरी हलवेना. तुम्ही असता तर चष्मा कपाळावर चढवून बोट फिरवत वाचलं असतं, आणि आई सावलीला बसून 'आता पुरे' म्हणाली असती.

सरस्वती महाल ग्रंथालयही पाहिलं. ताडपत्रं, हस्तलिखितं, आणि मोडी कागदांचा मोठा साठा. आजोबांनी तुम्हाला शिकवलेली मोडी तिथे कामी आली असती. सरफोजीराजांनी स्वतःचा छापखाना काढला होता आणि 1806 साली त्यात इसापाच्या गोष्टी मराठीत छापल्या. तुम्ही चौथीच्या वर्गाला त्याच गोष्टी सांगायचात. मला एकदम तुमचा वर्ग आठवला, खिडकीतून येणारा उन्हाचा पट्टा आणि खडूची धूळ.

आता खरं सांगायचं ते.

या राजाला वैद्यकाचं फार वेड होतं. धन्वंतरी महाल नावाची संस्था काढून त्यात आयुर्वेद, युनानी, तमिळ मुलखातलं सिद्ध वैद्यक आणि युरोपीय औषधांवर काम चालवलं. डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी ठेवल्या, प्रत्येकाच्या डोळ्याचं रंगीत चित्र काढवून घेतलं. मैत्रिणीच्या बाबांनी मला त्या चित्रांचे छापील फोटो दाखवले. एका चित्रात बुबुळाच्या मध्ये दुधाळ ठिपका आहे. मी तो पाहिला, आणि आई, मला तुझा उजवा डोळा दिसला. गेल्या दिवाळीत तू अंगणात माझ्याकडे वळलीस तेव्हा उन्हात तो असाच दिसला होता. तेव्हा मी काही बोलले नाही. तू माझ्या काळ्या ब्लाउजला निळ्या दोऱ्याने हुक लावलास, तेव्हाही बोलले नाही. तो ब्लाउज घालून मी चेन्नईला आले आणि इथे आरशासमोर रडले.

त्या घरातली आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. शनिवारी संध्याकाळी ती ओसरीवर मोगऱ्याचा गजरा करत होती. दोन कळ्या इकडे, दोन तिकडे, अंगठ्याने दोऱ्याचा वेढा, ओढ, पुन्हा दोन कळ्या. मध्येच एक कळी डागाळलेली निघाली, ती तिने न थांबता बाजूला टाकली. दिवे लागायची वेळ झाली होती, मला तो डाग दिसलाही नव्हता. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली आहेत तिची. मी विचारलं, भीती नाही वाटली? म्हणाली, वाटली तर, तीन वर्षं टाळलं. मग नेसलेल्या लुगड्याचा पदर पुढे करून म्हणाली, हे मला मातकट दिसायचं, विटलं म्हणून टाकून देणार होते. पट्टी काढून घरी आले तर जांभळं!

आई, तू का टाळतेस ते मला ठाऊक आहे. मावशीचा डोळा ऑपरेशननंतर बिघडला, ते सगळं तू तिच्या उशाशी बसून पाहिलंस. ती भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण त्याला वीस वर्षं झाली. आणि 'अजून पिकला नाही' हे तू दर वेळी सांगतेस ना, ते जुन्या काळचं आहे. आता मोतीबिंदू पिकायची वाट पाहात नाहीत. उलट फार कडक झाला तर काढणं अवघड जातं. डोळ्यात थेंब टाकून बधिर करतात, बहुतेक वेळा वीस-पंचवीस मिनिटांत होतं, आत भिंग बसवतात, त्याच दिवशी घरी. सरफोजीराजांच्या काळी ना भूल होती ना भिंग. 1832 साली ते गेले, डोळ्यात बसवायचं भिंग 1949 साली आलं. त्या काळी लोकांनी उघड्या डोळ्यांनी कसं सोसलं असेल! तुला त्यातलं काही सोसायचं नाही, फक्त साताऱ्यापर्यंत यायचं आहे.

मी पुढच्या महिन्यात दहा दिवसांची रजा टाकली आहे, आज मंजूरही झाली. पहिली तपासणी, मग ऑपरेशन, मग ते थेंब वेळेवर घालायचं काम, सगळं मी करणार. मावशीला मी विचारलं, तिलाही तू करून घ्यावंस असंच वाटतं. ती म्हणाली, मी येऊन राहते. तिने हे म्हटलं यापुढे मी आणखी काय सांगू?

रविवारी सकाळी तिरुवैयारुला कावेरीवर नेलं मैत्रिणीने. कर्नाटक संगीतातले संत त्यागराज यांची समाधी पाहिली, पाण्यात पाय सोडून बसलो. बाबांसाठी मान डोलावणारी तंजावरची बाहुली घेतली आहे, रेडिओशेजारी ठेवा. निघताना आजीने गजरा माळला आणि 'आईला घेऊन ये' म्हणाली. मी हो म्हणून आले आहे.

सर्वांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमची,
छोटी

ता. क. : बाबा, आईच्या साखरेच्या तपासण्यांची फाइल कपाटाच्या दुसऱ्या खणात आहे. गेल्या वर्षभराचे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून ठेवा. दवाखान्यात पहिल्यांदा तेच मागतील.