हार्ट अटॅकनंतर पायातली ताकद गेली तर तपासणी हवीच

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी या भागात जीबीएसची (गियाँ-बारे सिंड्रोम, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटण्याचा आजार) साथ आली. तेव्हापासून हा आजार म्हटला की पुणेकरांना दूषित पाणीच आठवतं. ते बरोबरच आहे. कॅम्पिलोबॅक्टर जिवाणू पोटात गेला की त्याच्याशी लढणाऱ्या प्रतिपिंडांचा (अँटीबॉडीजचा) मारा काही जणांत स्वतःच्याच नसांवर, म्हणजे मज्जातंतूंवर होतो. पण पोट अजिबात बिघडलेलं नसतानाही जीबीएस होऊ शकतो. क्वचित तो हार्ट अटॅकनंतर किंवा बायपासनंतरही झाल्याच्या नोंदी आहेत, आणि याबद्दल कुणी बोलत नाही म्हणून हे पत्र.

हार्ट अटॅकनंतर माझ्या मोठ्या भावाची अँजिओप्लास्टी उत्तम झाली. घरी आल्यावर तळपायांना मुंग्या यायला लागल्या. पुढे चालताना चप्पल मागे राहिली तरी त्याला कळेना, आणि जिन्यात गुडघे दुमडू लागले. जिथे दाखवलं तिथे ‘अटॅकनंतर एवढा अशक्तपणा असायचाच’ हेच ऐकलं. कुणी कोलेस्टेरॉलच्या गोळीवर खापर फोडलं. शेवटी एका न्यूरॉलॉजिस्टनी गुडघ्याखाली छोटी हातोडी मारून पाहिली, तर पाय जागचा हलला नाही! या तपासणीला ना वेळ लागतो, ना पैसा. मग नसांची चाचणी आणि पाठीतलं पाणी तपासून जीबीएसचं निदान पक्कं झालं. वॉर्डात सिस्टर त्याला वरचेवर एका दमात अंक मोजायला सांगत. आकडा घसरू लागला तर श्वासाचे स्नायू थकताहेत असं समजायचं. वहिनी पलंगाशेजारी उभ्या राहून त्याच्याबरोबर ओठातल्या ओठात मोजत असायच्या.

अटॅकमध्ये हृदयाच्या स्नायूचा काही भाग मरतो आणि त्यामुळे प्रतिकारशक्ती चेतवली जाऊ शकते. हृदयाच्या आवरणाला यातून येणारी सूज डॉ. ड्रेसलर यांनी १९५६ मध्येच नोंदवली होती. नसांच्या बाबतीत संबंध इतका ठामपणे सिद्ध झालेला नाही. मात्र गुठळी विरघळवणारं स्ट्रेप्टोकायनेज हे जिवाणूपासून मिळणारं औषध दिल्यावरही असे रुग्ण आढळले आहेत.

उशीर इथे फार महाग पडतो. इम्युनोग्लोब्युलिनचा (शिरेतून दिल्या जाणाऱ्या प्रतिपिंडांच्या औषधाचा) उपयोग पहिल्या दोन आठवड्यांत सुरू केल्यास सर्वाधिक होतो. पण त्याने रक्त गोठण्याचा धोका वाढतो, त्यामुळे स्टेंट बसवलेल्या माणसाला ते द्यायचं की प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) बदलायचा, हे हृदयाच्या आणि नसांच्या डॉक्टरांनी मिळून ठरवायला हवं. जीबीएसमध्ये नाडी आणि रक्तदाबही खालीवर होतात, तेव्हा नुकताच अटॅक येऊन गेलेल्याला मॉनिटरखाली ठेवणं आलंच. आणि पाय दुखतात म्हणून कुणीही रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मनानेच बंद करू नयेत. तो प्रकार जीवघेणा ठरू शकतो.

आपल्या शहरातल्या रुग्णालयांना माझी कळकळीची विनंती आहे. डिस्चार्ज कार्डावर तेल-मीठ, चालणं, गोळ्यांच्या वेळा असं सगळं छापलेलं असतं. त्याखाली एवढं वाढवा: ‘दोन्ही पायांना मुंग्या येऊन ताकद कमी होत वर सरकत असेल, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होत असेल, तर त्याच दिवशी दाखवायला या.’ महापालिकेने साथीच्या वेळी पाणी उकळून प्या हे घरोघरी पोहोचवलं होतं. तिच्या दवाखान्यांतही हा मजकूर लावता येईल.

आपली,
एक वाचक, कर्वेनगर, पुणे