चूकभूल द्यावी घ्यावी

काकाजी, रामराम.

तुम्ही नागपूरला लेकाकडे राहायला गेलात तेव्हापासून दुकानासमोरचं बाकडं रिकामं पडलंय असं म्हटलं तर ते खोटं होईल. एसटीची वाट पाहणारे बसतातच त्यावर. पण सकाळी पेपर आला की पहिल्यांदा बाजारभावाचा रकाना उघडून "सरकी पडली रे" असं ओरडणारं कोणी नाही. तुमच्या डोळ्यांचं ऑपरेशन झाल्याचं कळलं. म्हणून नातीच्या मोबाइलवर वाचून दाखवता येईल असं, सगळ्यांच्या देखत लिहितोय. तोंडावर आभार मानायला गेलो असतो तर तुम्ही "चहा सांग" म्हणून विषय संपवला असता. तुमचं नाव मात्र लिहीत नाही. आपल्या भागात ज्याला ओळखायचं तो ओळखेलच.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. माझं बसस्टँडजवळ कृषी केंद्र आहे, यवतमाळ जिल्ह्यात. काकाजी चाळीस वर्षं तालुक्याच्या मार्केटात अडत दुकानावर दिवाणजी होते. रिटायर झाल्यावर आमच्याकडे फुकटचा पेपर वाचायला यायला लागले आणि हळूहळू माझी उधारीची वही त्यांच्या हातात गेली. पगार कधी घेतला नाही. मीही कधी दिला नाही, हेही इथेच कबूल करतो.

2017 चा पावसाळा आमचा जिल्हा विसरणार नाही. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, माणसाच्या डोक्यावर गेली होती, हवेत दमटपणा, त्यात अळीची धास्ती. जो तो फवारत होता. फवारा वर मारायचा आणि तो तोंडावर, मानेवर खाली यायचा. हातमोजे नाहीत, मास्क नाही, पुष्कळांच्या अंगात शर्टसुद्धा नाही. त्या हंगामात जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यात पडले. पुढे सरकारने पश्चिम विदर्भातल्या पाच जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी आणली. पेपरात फोटो आले, विधानं आली. दुकानदारांबद्दलही आलं आणि ते वाचून मी तेव्हा चिडायचो.

चिडायचो, कारण त्यातला एक मी होतो. एका कंपनीची परदेशवारीची स्कीम होती आणि माझे काही बॉक्स कमी पडत होते. म्हणून ज्याला एक बाटली लागत होती त्याला मी तीन देत होतो. अळीचं, तुडतुड्याचं आणि वरून टॉनिक. "तिन्ही एकाच पंपात टाक, मजुरी वाचते," असं सांगायचो. कोणत्या दोन औषधांचं एकत्र काय होतं, हे मला तरी कुठे धड माहीत होतं? आणि ज्याला सांगायचो तो बहुतेक उधारीवाला असायचा. रोखीचं गिऱ्हाईक दहा प्रश्न विचारतं, दुसऱ्या दुकानात जातं. उधारीवाला जे हातात दिलं ते पिशवीत घालतो. हे मला तुमच्यामुळे दिसलं, काकाजी, आणि त्याआधी रोज समोर असून दिसत नव्हतं.

पोळा होऊन काही दिवस झाले होते. संध्याकाळी एक पोरगा धावत आला. त्याचा बाप दुसऱ्याच्या वावरात मजुरीनं फवारत होता आणि धुऱ्यावरच पडला होता. ओकाऱ्या, तोंडातून लाळ, डोळ्यांना काही दिसत नव्हतं. औषध माझ्याच दुकानातलं. शेतकऱ्याने नेलं, मजुराने मारलं.

मी सगळ्यात आधी काय केलं, हे तुमच्याशिवाय कोणालाच माहीत नाही. गल्ल्याखालून बिलबुक काढलं आणि कार्बनखालचं ते पान शोधायला लागलो. तीन औषधं, तिन्ही माझ्या अक्षरात. पान फाडलं की संपलं, एवढंच डोक्यात होतं. पानाचा कोपरा हातात होता.

तुम्ही बिलबुकावर हात ठेवला. तुमच्या अंगठ्याला शाई लागलेली होती, तेही मला आठवतं. म्हणालात, "काहून फाडून राह्यला? डाक्टरले काय पाजलं ते कसं समजन?"

ओरडला नाहीत. उपदेशही केला नाही. बिलबुक पिशवीत टाकलं, शेतकऱ्याच्या घरून तिन्ही रिकाम्या बाटल्या आणायला पोराला पिटाळलं आणि मला गाडी काढायला लावली. रस्ताभर तुम्ही बाटलीचं लेबल मोबाइलच्या उजेडात वाचत होतात. लाल त्रिकोण म्हणजे अति विषारी, पिवळा त्याच्या खालोखाल, मग निळा, हिरवा. मी परवानाधारक दुकानदार आणि मला ते तुम्ही वाचून दाखवत होतात. विषबाधा झाली तर उतारा कोणता, हे माहितीपत्रकावर छापलेलं असतं. बारीक अक्षरात, पण असतं. दवाखान्यात डॉक्टरांनी आधी बाटल्या पाहिल्या, मग बिल पाहिलं आणि लगेच ॲट्रोपिनचा उतारा सुरू केला. तो माणूस नवव्या दिवशी घरी आला. आजही तो दुकानासमोरून जाताना हात वर करतो आणि माझी मान खाली जाते.

त्या रात्री परत येताना तुम्ही माझं बिलबुक उघडून खालच्या दोन छापील ओळी मोठ्यानं वाचल्या. एक, 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' दुसरी, 'चूकभूल द्यावी घ्यावी.' म्हणालात, "या दोघी एकमेकीसंग भांडून राह्यल्या. कोणती खरी धरू?" मला हसू आलं नाही. दुसऱ्या दिवशी मी दवाखान्याचा खर्च उचलला. पैसे तुम्हीच मोजले आणि वहीत कुठल्याच खात्यावर मांडले नाहीत. विचारलं तर म्हणालात, "चूक झाली तं द्या लागते, मांडा लागत नाई."

स्कीमचे बॉक्स राहिले. परदेशवारी राहिली. त्याचं दुःख मला दोन महिने झालं, हेही खरं आहे.

मग बिलावर औषधाच्या नावापुढे मात्रा, पीक आणि 'यात दुसरं मिसळू नये' असं लिहायचं ठरलं. शिवाय 'कायच्यासाठी पायजे?' असं प्रत्येकाला विचारायचं. एकदा एक मावशी मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक मागत होत्या. मी हात पुढे केला होता, पण तुम्ही बाकड्यावरूनच विचारलंत. वांग्यासाठी हवं होतं. भाजीपाल्यावर ते मारायला मनाई होती, हे बाटलीवरच लिहिलेलं. मावशी रागावून गेल्या आणि पलीकडच्या दुकानातून घेऊन आल्या असतील, मला माहीत नाही.

बियाण्याचा मोसम आला 2019 चा. तणनाशकाला दाद न देणारं कपाशीचं बियाणं, ज्याला आपल्याकडे चोर बीटी म्हणतात, एक माणूस पोत्यात भरून रात्री दाखवून गेला. सरकारची मान्यता नाही, पाकिटावर पत्ता नाही, बिल नाही. नफा मात्र कायदेशीर पाकिटाच्या तिप्पट. त्या वर्षी मान्यताप्राप्त बीटीच्या पाकिटाची कमाल किंमत 730 रुपये होती, त्यात मला काय सुटणार? आणि मागणी होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. निंदणाला बायका मिळत नव्हत्या, मिळाल्या तर मजुरी परवडत नव्हती. त्याच जून महिन्यात अकोला जिल्ह्यात अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेनं उघडउघड ते बियाणं पेरून सत्याग्रह केला. मला वाटलं, कायदाच चुकीचा असेल तर मी का सोवळं पाळू?

तुम्ही तुमच्या तरुणपणी त्याच संघटनेच्या मोर्चाला गेलेला माणूस. तुम्ही कायद्याची बाजू घेतलीच नाहीत. म्हणालात, "कायदा चूक असू शकते. त्याईनं दिवसाढवळ्या पेरलं, नावानिशी पेरलं. तू रात्री इकून राह्यला. उगवलं नाई तं तो माणूस कोणाकडे जाईन? बिल फाडून देतं का?"

मी बिल देऊ शकत नव्हतो. बिल असेल, पाकीट आणि त्याचा टॅग जपून ठेवला असेल, तर शेतकरी तालुक्याच्या तक्रार समितीकडे जातो, पंचनामा होतो, ग्राहक आयोगाची वाट असते. बिल नसेल तर तो फक्त दुबार पेरणीसाठी पुन्हा माझ्याच दारात येतो, पुन्हा उधारीवर. म्हणजे माझा नफा दोनदा. हे गणित तुम्ही सांगितलं नाहीत. मी रात्री झोपताना मांडलं आणि पोतं परत पाठवलं. त्या हंगामात गिऱ्हाइकांची पंचवीस-तीस घरं दुकानापासून तुटली, काही अजून परत आलेली नाहीत.

आता मी अगदी धुतल्या तांदळाचा झालोय असं तुमच्या नातीला वाटायला नको. युरियाची 45 किलोची बॅग 266 रुपये 50 पैशांना विकायची आणि ती मिळवायला वरून न खपणाऱ्या बाटल्या घ्यायच्या, हे लिंकिंग चालूच आहे. मी नाही म्हणालो तर ऐन हंगामात गाडी पुढच्या गावाला जाते. बाटल्या घेतो, उधारीवाल्याच्या गळ्यात मारत नाही, गोदामात ठेवतो. गेल्या वर्षी त्यातल्या काही मुदत संपून गेल्या. बायको म्हणते, काकाजींना विचारा. म्हणून विचारतोय.

या आठवड्यात नवीन बिलबुकं छापायला टाकली. छापखान्यातला पोरगा जुनं बिल समोर ठेवून म्हणाला, "भाऊ, तुमच्या नव्या मजकुरात 'माल परत घेतला जाणार नाही' ही ओळच नाही, राहिली वाटते." मी म्हटलं, राहू दे. सील न फोडलेली बाटली आपण परत घेतो. त्याने दुसऱ्या ओळीचं विचारलं. ती ठेवली, थोडी मोठ्या अक्षरात.

मृगाच्या आधी डोळे बरे झाले तर दोन दिवस या. छत्री तुमची इथेच आहे, गल्ल्यामागे खिळ्याला.

तुमचा,
बसस्टँडजवळचा कृषी केंद्रवाला