सिस्टर, ‘कळलं का’ विचारू नका, ‘सांगा बघू’ म्हणा

मा. संपादक,
स.न.

परिचारिका दिनाला, म्हणजे १२ मे ला, तुमच्या पेपरात नर्सेसवरचं पान आलं होतं, हातात दिवा घेतलेली नाइटिंगेल, मेणबत्त्या, गुलाबाची फुलं वगैरे. तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणत होतो, कारण त्याच्या पंधरा दिवस आधी आमची आई पित्ताशयातल्या खड्यांच्या ऑपरेशनसाठी मिरजेत एका हॉस्पिटलमध्ये ॲडमिट होती. हॉस्पिटलचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण माझी तक्रार एका हॉस्पिटलची नाही आणि खरं तर तक्रारही नाही.

झालं असं की ऑपरेशन गुरुवारी सकाळी होतं. बुधवारी रात्री ड्युटीवरची तरुण सिस्टर सलाइन बदलता बदलता आईला म्हणाली, आजी उद्या उपाशी राहायचं हं, कळलं का. आई म्हणाली, हो हो, माझा गुरुवार असतोच. आता आई गेली पस्तीस वर्षं दत्ताचा गुरुवार करते, नरसोबाच्या वाडीला अजून पौर्णिमा चुकवत नाही, त्यामुळे तिच्या डोक्यात उपाशी म्हणजे उपास आणि उपास म्हणजे भाकरी-भात नाही, बाकी उपासाचं चालतं. सिस्टरला वाटलं समजलं, आईला वाटलं समजलं, आणि मी तिथंच खुर्चीत बसून मोबाईल बघत होतो, मलाही वाटलं समजलं. सकाळी सहाला मी आंघोळीला घरी गेलो तेवढ्यात आईने पिशवीतले राजगिऱ्याचे दोन लाडू खाल्ले आणि शेजारच्या पेशंटच्या थर्मासमधला अर्धा कप चहा घेतला.

नऊ वाजता ऑपरेशन थिएटरमध्ये न्यायच्या आधी सिस्टरने परत विचारलं, सकाळपासून काही खाल्लं नाही ना? आई म्हणाली नाही, उपास आहे. म्हणजे बघा, खोटं कुणीच बोलत नव्हतं! गाऊन बदलायला आलेल्या मावशींना पदरावर राजगिऱ्याचे दाणे दिसले म्हणून बरं. नाहीतर भूल दिल्यावर पोटातलं उलटून वर येतं आणि श्वासनळीतून फुफ्फुसात जाऊ शकतं, हे मला नंतर भूल देणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा हातपायच गार पडले. ऑपरेशन शनिवारवर गेलं, दोन दिवसांचं जादा बिल, भावाची पुण्याहून काढलेली रजा वाया, आणि त्या पोरीला सगळ्या वॉर्डसमोर बोलणी बसली ती वेगळीच.

आई नंतर म्हणाली, लाडू खाल्ला तर छातीत जाईल असं कुणी सांगितलं असतं तर मी पाण्याला तरी शिवले असते का? नुसतं उपाशी राहा म्हणाल्या. मला हे अगदी पटलं. आपल्याकडे ‘खाऊ नका’ म्हटलं की चहा त्यात धरतच नाहीत, चहा कुठे खाणं असतं, आणि पाणी तर नाहीच नाही. किती वाजल्यापासून, काय काय चालत नाही आणि का चालत नाही, एवढं सांगायला एक मिनिट लागतं.

पण ते एक मिनिट आणायचं कुठून हाही प्रश्न आहेच. मी त्या वॉर्डात सहा रात्री काढल्या, अठ्ठावीस बेड आणि रात्री दोन सिस्टर. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा नियम टीचिंग हॉस्पिटलच्या (मेडिकल कॉलेजला जोडलेल्या) जनरल वॉर्डला ३ पेशंटमागे १ नर्स आणि बाकी ठिकाणी ५ मागे १ असा आहे, तो कागदावर. त्यात एका बेडवर इंजेक्शन, दुसरीकडे उलटी, फोन वाजतोय, फाइल लिहायचीय, आणि नातेवाईक एकामागून एक येऊन तेच तेच विचारणार, त्यात मीपण आलो. एकाने तर टिचकी वाजवून ‘ए सिस्टर’ केलेलं मी बघितलंय. नर्सिंग स्टेशनवर बोर्ड आहे, कर्मचाऱ्यांवर हल्ला केल्यास ३ वर्षं कैद आणि ५० हजार दंड, २०१० चा कायदा. बोर्ड असायलाच पाहिजे, वाद नाही. पण त्याच भिंतीवर ‘ऑपरेशनच्या आधी उपाशी म्हणजे काय’ याचा एकही बोर्ड नाही.

भाषेचंही आहे. केरळच्या एक सिस्टर होत्या, हिंदी बोलायच्या, मराठी मोजकं पण ‘दुखतंय का’ इतकं मायेनं म्हणायच्या की आई त्यांचीच वाट बघायची. आणि मिरजेत कर्नाटकातून भरपूर पेशंट येतात, तर आमच्याकडच्या सांगलीच्या सिस्टर समोरच्या बेडवरच्या अज्जींना ‘ऊटा आयता?’ विचारायच्या, तेवढंच कन्नड, पण अज्जी खुश. म्हणजे भाषा थोडी कमी असली तरी भागतं. आईच्या बाबतीत तर दोघी शुद्ध मराठीतच बोलत होत्या ना!

आता मला जे मुख्य लिहायचंय ते. आईला ॲडमिट केल्यावर शुगर सापडली, ती पण तीनशेच्या वर, म्हणून इन्सुलिन सुरू झालं आणि घरी गेल्यावर तिचं तिनेच घ्यायचं ठरलं. डिस्चार्जच्या आदल्या रात्री रिटायरमेंटला आलेल्या एक सिस्टर ड्युटीला होत्या. त्या स्टूल ओढून आईच्या समोर बसल्या. हे मी पहिल्यांदाच बघत होतो, बाकी सगळ्या उभ्यानेच, हाताने दुसरं काहीतरी करत, कधी कधी दारातूनच बोलायच्या. (नंतर वाचलं की नाइटिंगेलबाईंनी १८५९ सालीच लिहून ठेवलंय, आजाऱ्याशी बोलायचं तर त्याला दिसेल असं समोर बसून बोला, पाठीमागून किंवा दारातून बोलू नका. दिव्याचा फोटो सगळे छापतात, हे कुणी छापत नाही.) त्यांनी बाटली दाखवली, सिरिंज दाखवली, आणि ‘कळलं का’ विचारलंच नाही. म्हणाल्या, आजी, उद्या घरी गेल्यावर सुनेला कसं दाखवणार, दाखवा बघू मला.

आणि आईला येईना! दिवसभर तीन जणींना ‘हो, कळलं’ म्हणालेली आई हवा कुठे काढायची तिथेच अडली. सिस्टर हसल्या, परत दाखवलं, परत करून घेतलं, तिसऱ्या वेळी जमलं. मग म्हणाल्या, बाटलीवर ४० लिहिलंय, म्हणून सिरिंज ४० ची, लाल टोपणाची. केशरी टोपणाची १०० ची असते, ती घ्यायची नाही, मेडिकलवाल्याने दिली तरी परत करायची. कुठल्या रंगाची, सांगा. आई म्हणाली, कुंकवाची, लाल.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी गावातल्या मेडिकलमधून मी केशरी टोपणाचीच सिरिंज घेऊन आलो! मला कुठे माहीत, सिरिंज ती सिरिंज. नंतर कळलं, ४० म्हणजे एका एमएलमध्ये इन्सुलिनचे ४० युनिट आणि १०० म्हणजे १०० युनिट. ४० च्या बाटलीतून १०० च्या सिरिंजने २० च्या रेघेपर्यंत औषध भरलं तर आत जातं २० ऐवजी फक्त ८ युनिट. आणि उलटं केलं, म्हणजे १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजने, तर अडीच पट जातं आणि माणूस झोपेतच बेशुद्ध होऊ शकतो. सातवी शिकलेल्या आईने टोपण बघितल्याबरोबर मला परत पाठवलं. मी बीकॉम आहे.

सांगितलेलं पेशंटकडूनच परत वदवून किंवा करून घ्यायच्या या पद्धतीला टीच-बॅक म्हणतात आणि नर्सिंगच्या कोर्समध्ये शिकवतातही, असं त्याच सिस्टरांनी सांगितलं. म्हणाल्या, शिकवतात सगळं, वॉर्डात वेळ कोण देतं. म्हणून माझं म्हणणं हॉस्पिटलवाल्यांना आहे, सिस्टरांना नाही. डिस्चार्जच्या दिवशी अकरा ते एक बिल, इन्शुरन्स, ॲम्ब्युलन्स असा बाजार असतो, त्या गर्दीत गोळ्या समजावून सांगण्यापेक्षा आदल्या संध्याकाळी एका सिस्टरला फक्त याच कामासाठी मोकळं ठेवा, पेशंटसोबत घरातलं जे औषध देणार आहे त्यालाही बसवा आणि दोघांकडून वदवून घ्या. आणि कागदावर ते १-०-१ लिहून देता ना, त्याच्या शेजारी ‘सकाळी एक, रात्री एक’ असं मराठीत लिहा, आमच्या शेजारचे काका त्याला एकशे एक म्हणत होते आणि हसायचं की रडायचं कळेना.

पुढच्या बुधवारी फॉलोअप आहे, उपाशीपोटी शुगर करायचीय. आईने कालच मला फोन करायला लावला, पाणी चालतं का विचार म्हणून. चालतं म्हणाले, नुसतं पाणी. राजगिऱ्याचा डबा तिने स्वतःहून फडताळात वरच्या फळीवर ठेवलाय.

आपला,
एक नियमित वाचक, ता. मिरज, जि. सांगली