रोखलेलं बोट

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर माझ्या व्हिडिओबद्दल तुम्ही म्हणालात, "स्वतःचंच तोंड एवढा वेळ दाखवायचं, ही कसली कला?" आई मागून "अहो, हळू" म्हणत होती, पण मला राग आला नाही. हा आक्षेप माझ्या जन्माआधीचा आहे. रोझलिंड क्राउस या अमेरिकन समीक्षक बाईंनी १९७६ साली लेखच लिहिला, की व्हिडिओ-कलेचा पिंडच आत्ममग्नतेचा आहे.

त्या लेखाची सुरुवातच व्हीटो अकाँची या अमेरिकन कलावंताच्या 'सेंटर्स' या व्हिडिओपासून होते. १९७१ चं काम. कृष्णधवल चित्र, एक माणूस आणि आपल्याकडे रोखलेलं बोट. गोष्ट नाही, कट नाही, वीस मिनिटांच्या वर हेच. आधी वाटतं, केवढा हा माज! मग हात अवघडतो, बोट डळमळतं, तो ते परत मधोमध आणतो. मेख अशी, की तो आपल्याकडे बघतच नाहीये. समोरच्या मॉनिटरवर त्याचाच चेहरा आहे आणि त्या चित्राच्या बरोबर मध्यावर बोट धरून ठेवायची त्याची धडपड चाललीय. फिल्म असती तर धुऊन येईपर्यंत थांबावं लागलं असतं. व्हिडिओत माणूस स्वतःला तिथल्या तिथे बघतो, आणि बघता बघता बिचकतो.

त्याच वर्षी जॉन बाल्देसारी हा दुसरा अमेरिकन कलावंत आपल्या व्हिडिओत कॅमेऱ्यासमोर उभा राहून जरासा हात हलवतो, मान वळवतो आणि दर वेळी म्हणतो, 'मी कला करतोय'. तुम्हाला हसू येईल, यायलाच हवं. पण ऐकता ऐकता शंका येते, हा पटवतोय कुणाला? आपल्याला की स्वतःला?

माझ्या व्हिडिओत मी माझेच टेक बघत 'ओके' नाहीतर 'परत' म्हणत बसलेय. 'परत' किती जास्त आहेत, ते तुम्ही मोजलं नसणार. मधला भाग कंटाळवाणा आहे हे कबूल, पण तो कापणार नाही. कॅमेऱ्यासमोरचा आव गळून पडायला तेवढा वेळ लागतोच.

दिवाळीला येताना पेनड्राइव्हवर आणते. मोबाइलवर नको, टीव्हीवर लावू. आणि बाबा, मध्येच उठून चहा टाकायचा नाही.

आईच्या गुडघ्याचा एक्स-रे काढला का, ते कळवा.

तुमची,
मनू